चार हजार खोडांचं जहाज

फैजपूर,
११ फेब्रुवारी १९९१

श्री. जीवराम यांस,

वर ‘सप्रेम’ लिहिलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेलच. नुसता नमस्कार घ्या, बाकीचं पुढं पाहू. आणि नवऱ्याचं नाव कागदावर लिहिलं म्हणून माझा हात काही झडला नाही. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, आज रागानं घेतलं, एवढाच फरक.

तुमचं आंतरदेशीय पत्र शनिवारी आलं, आबांच्या नावानं. बायको महिनाभर माहेरी अडकून पडली आहे, तिला एक ओळ नाही, आणि सासऱ्याला अख्खं पान भरून. आबांनी ते ओट्यावर चष्मा लावून चार माणसांत मोठ्यानं वाचलं. ‘मी आपली फसवणूक केली. आपल्या मुलीला मी अडवणार नाही. फारकतीच्या कागदावर आपण सांगाल तिथं सही करीन.’ मी आत पोळ्या लाटत होते. लाटणं हातात घेऊनच बाहेर आले. मला विचारलंत का, कुंदा, तुला मोकळं व्हायचं आहे का? मी तुमच्या गोदीतलं सामान आहे का, एकानं उतरवलं की दुसऱ्यानं उचलावं?

तुम्हाला कुणी काय कळवलं असेल कोण जाणे, म्हणून घडलं ते मीच लिहिते. संक्रांतीला आबा मला घेऊन आले, ते तुमच्या आईंना विचारून, आठ दिवसांसाठी. तेवढ्यात आखातात लढाई पेटली. रोज सकाळी आमच्या ओट्यावर पेपर, आणि पेपरात जहाजांचे फोटो. आबांना ऊत आला. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगायचे, आमचे जावई असल्याच जहाजावर आहेत, वरती विमानं उतरतात, केळीची चार हजार खोडं मावतील एवढं, चार हजार खोडांचं जहाज आहे.

एक दिवस वनादादा आला. आईच्या माहेरचा, पलटणीत ट्रक चालवायचा, गेल्या वर्षीच लंकेहून परत आला. त्यानं साधं विचारलं, जहाजाचं नाव काय? आबांनी कौतुकानं तुमच्या जुन्या पत्राचं पाकीट आणून त्यावरचं नाव दाखवलं. वनादादाला तर आनंदच झाला. म्हणाला, अरे, ह्याच जहाजाच्या पोटात मी ट्रकसकट बसून आलो. पुढचं तोंड उघडतं, रणगाडे आत जातात, किनाऱ्यावर नेऊन उतरवतात. विमानं? विमानं कुठली, मागं एखादं हेलिकॉप्टर बसतं. आणि चार हजार खोडं? हजारही भरायची नाहीत आबा.

त्या बिचाऱ्याला वाटलं, आपण चांगलीच बातमी दिली. आबांनी पाकिटाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. त्या दिवसापासून मला सासरी, शिंदखेड्याला धाडायचं नाही असं ठरलं आहे. बैठक बसणार आहे, तारीख ठरायची आहे.

मला यातलं काही माहीत नव्हतं. तुम्ही मला कधी सांगितलं नाही. हे मी सगळ्यांना सांगितलं आहे आणि तुम्हालाही सांगते.

उत्तर मला लिहा. आबांना नाही.

कुंदा

फैजपूर,
२७ फेब्रुवारी १९९१

श्री. जीवराम यांस,

उत्तर नाही. ठीक आहे. जहाज समुद्रावर असेल असं मी लोकांना सांगते आणि स्वतःलाही.

त्या दिवसाचं मला पुन्हा पुन्हा आठवतं. मे महिना, एकोणनव्वद साल. तुम्ही मला बघायला आलात. मध्यस्थ निंबातात्या तुमची तारीफ करत होता आणि आबांनी मध्येच विचारलं, बागाईत किती खोडांची? तुमच्या शिंदखेड्याकडं एकर सांगतात, बिघे सांगतात. आमच्याकडं माणूस खोडांत मोजतात. पाच बाय पाच फुटाला केळीचं एक खोड, आणि ज्याची खोडं जास्त त्याला पाट पुढं सरकवायचा. तुमची नऊ एकर कोरडवाहू, कपाशी आणि बाजरी. केळीचं एक खोड नाही. निंबातात्या खोकायला लागला. मी दाराआड पोह्यांची बशी धरून उभी होते, आणि मला वाटलं, संपलं, आता हा मुलगा उठून जाईल.

तुम्ही उठला नाहीत. म्हणालात, “आमच्याकडं केळी नाहीत, पण मी ज्या जहाजावर आहे त्याच्या डेकवर चार हजार खोडं बसतील.” सगळे हसले. आबांनी विचारलं, विमानं उतरतात का? तुम्ही म्हणालात, उतरतात. हेलिकॉप्टर उतरतं म्हणजे अगदीच खोटं नव्हतं, असं तुम्ही मनाला सांगितलं असेल. पण चार हजार? मनात पाचानं पाचाला गुणून एका दमात विमानवाहू जहाजाचा हिशेब मांडलात. तिथं तुमची हुशारी दिसली आणि तिथंच मी पोहे सांडले.

आता माझी कामगिरी ऐका. मावशीकडं जाते सांगून जळगावला गेले आणि दिवसभर वाचनालयात बसले. जगातल्या लढाऊ जहाजांचं एक जाड इंग्रजी पुस्तक आहे तिथं, आणि आखाती लढाईवरचा एका साप्ताहिकाचा विशेषांक. लांबी, रुंदी, वजन, सगळं वहीत उतरवलं. ग्रंथपाल विचारत होते, बाई, तुम्ही कुठं शिकवता? मी म्हटलं, सध्या माहेरच्यांना.

आपली विराट सातशे चव्वेचाळीस फूट लांब. विक्रांत साधारण सातशे. तुमचं जहाज ज्या प्रकारचं, ते चारशे दहा, रुंदी सत्तावन्न. वनादादा बरोबर बोलला, हजार खोडं भरत नाहीत, साडेनऊशेच्या आत. पण त्याच पुस्तकात पुढं अमेरिकेचं तरावा नावाचं जहाज आहे. त्याचं काम तुमच्यासारखंच, सैनिक आणि गाड्या किनाऱ्यावर उतरवायचं. सोबत हेलिकॉप्टरं. त्याला विमानवाहू म्हणत नाहीत. आणि ते आठशे वीस फूट लांब! आपल्या विराटपेक्षा पाऊणशे फूट जास्त आणि वजनाला जवळजवळ दीडपट. मी तीनदा वाचलं. मग बाकावरच हसले, तर समोरच्या म्हाताऱ्यानं डोळे वटारले.

दुसऱ्या दिवशी आबांच्या नदीकाठच्या मळ्यात गेले. एका ओळीत दोनशे खोडं, अशा पंचेचाळीस ओळी, तुम्ही पाहिल्या आहेत. जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेतल्या आणि खोडं मोजत गेले. विराटला पांढरी चिंधी, ओळीत एकशे एकोणपन्नासाव्या खोडाला. तरावाला लाल, एकशे चौसष्टाव्याला. अमेरिकेची सगळ्यात मोठी विमानवाहू तर आबांच्या मळ्यात मावतच नाही, अठरा खोडं बांधाबाहेर जातात. तुमच्या जहाजाला निळी चिंधी, ब्याऐंशीव्या खोडाला, रुंदीला अकरा ओळी. तिथं जरा उभी राहिले. चारी बाजूंनी पानं, वरती आभाळाचा एवढासा तुकडा. म्हटलं, एवढ्यात दोनशे माणसं राहतात, जेवतात, झोपतात, आणि त्यातला एक आपला आहे.

बैठक दहा मार्चला, रविवारी. आबांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

कुंदा

फैजपूर,
११ मार्च १९९१

अहो,

काल बैठक झाली. तुमच्या बाजूनं कुणीच नव्हतं. निंबातात्यानं पोटदुखीचं कारण सांगितलं. आमच्याकडची सात माणसं, वनादादा, आणि दारात बायका. आबांनी तुमचं पत्र पुन्हा वाचलं. मग एकानं म्हटलं, होडीवर नोकरी आणि सांगितली विमानं. दुसऱ्यानं म्हटलं, गाड्या वाहणारा तर आपल्या गावातही आहे. तो केळीचा ट्रक चालवणाऱ्या जावयाबद्दल बोलत होता, आणि तो जावई तिथंच बसलेला होता.

मी म्हटलं, मळ्यात चला. आबा म्हणाले, कशाला? मी म्हटलं, मोजायला. मोजण्याचं नाव काढलं की आमच्या लोकांना घरी बसवत नाही. सगळे आले. मी एकेक चिंधी दाखवली, आकडे वहीतून वाचले. लाल चिंधी पांढरीच्या पुढं पंधरा खोडं गेलेली पाहून जो होडी म्हणाला होता तो स्वतः मोजून आला. पुन्हा मोजून आला. मग विचारलं, आणि जावयाचं? मी निळी दाखवली. हसू फुटलं, मागचे तर मोठ्यानं हसले.

मी म्हटलं, “हसा. एवढंच आहे. पण ज्या कामाला तुम्ही हलकं म्हणता त्या कामाचं जहाज विराटपेक्षा मोठं बांधतात. आपल्या देशाला लहान परवडलं म्हणून आपलं लहान.” वनादादा पुढं आला. त्यानं भाषण केलं नाही. एवढंच म्हणाला, लंकेला जाताना आम्ही जेवढे होतो तेवढे परत आलो नाही, पण जे आलो ते ह्याच जहाजानं आणलं. मागचे पुढं सरकून निळी चिंधी बघायला लागले.

मला वाटलं, जिंकले.

तेव्हा आबा बोलले. ते एका खोडाला हात लावून उभे होते. “जहाज मी मोजतच नाई. माह्यासमोर बसून तो खोटं बोलला, ते मोजतो मी.”

याला माझ्या वहीत आकडा नव्हता. ते खरंच बोलत होते. रात्रंदिवस तयारी केली आणि त्यांनी एका वाक्यात सगळ्या चिंध्या सोडून टाकल्या. मी तिथून गप्प घरी आले असते तर आज तुमच्याकडं फारकतीचा कागद निघाला असता.

आता जे लिहिते ते तुम्हालाही नवं आहे. मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. मला माहीत होतं.

एकोणनव्वदच्या दिवाळीत तुम्ही सुटीवर आलात तेव्हा मी तुमची ट्रंक आवरत होते. शर्टांच्या खाली एक फोटो होता. जहाजाचं तोंड उघडलेलं, त्यात रणगाडा चढतोय आणि बाजूला तुम्ही, उन्हानं डोळे बारीक केलेले. मागं तुमच्याच अक्षरात जहाजाचं नाव आणि ‘रणगाडे चढवताना’. मी तो पुन्हा शर्टांखाली ठेवला. म्हटलं, आज सांगतील. तुम्ही त्या सुटीत रोज माझी साडी इस्त्री करून द्यायचात, सगळी गल्ली हसायची, आणि मला वाटायचं, आता इस्त्री करता करता सांगतील. तुम्ही कडा जुळवत राहिलात. मग सुटी संपली.

त्यापुढच्या संक्रांतीला मी इथं आले. शेजारच्या भिकुबाईंकडच्या हळदीकुंकवात बायकांनी विचारलं तर मीच म्हटलं, हो, चार हजार खोडांचं. वर आणखी दोन विमानं माझ्या पदरची चढवली. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मला ते आवडलं, खरं सांगते. कोरडवाहू घरात दिली म्हणून ज्या कीव करायच्या त्याच पाट पुढं सरकवत होत्या. तुम्ही एकदा खोटं बोललात, मी सव्वा वर्षं.

हे मी काल मळ्यात सगळ्यांसमोर सांगितलं. फोटोचं, हळदीकुंकवाचं, दोन विमानांचंसुद्धा. म्हटलं, आबा, मोजायचंच असेल तर माझं जास्त भरेल. त्याला सोडायचं तर मलाही घरात ठेवू नका.

आबांनी हात खाली घेतला. माझ्याकडं पाहिलंच नाही. म्हणाले, “मंग तुम्ही दोघं सारखेच. जाय तू.” आणि पाणी कुठल्या ओळीला सोडायचं आहे ते बघायला निघून गेले. मला वाईट वाटलं. त्यांना चारचौघांत उघडं पाडलं मी. पण कुणी मला सोडवायला आलं नाही, मग मीच माझी सोडवणूक करून घेतली.

उद्या सकाळच्या एस.टी.नं निघते. पत्ता शिंदखेड्याचा लिहा.

तुमची कुंदा

शिंदखेडा,
१ एप्रिल १९९१

अहो,

भुसावळहून सुरत पॅसेंजरनं आले. नरडाण्याला गाडी अर्धा तास उभी होती, तेवढ्यात डब्यात शेजारच्या गल्लीतली बाई भेटली. तिनं विचारलं, फारकत झाली ना? मी म्हटलं, झाली असती तर याच गाडीत कशाला बसले असते? मग तिनं मला भुईमुगाच्या शेंगा दिल्या.

तुमच्या आई, मंजुळाबाई, दारात बाजरी निवडत होत्या. मला पाहून सूप खाली ठेवलं आणि पहिलं काय विचारलं असेल? जेवली का? मी त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांना म्हणे जहाज कसं असतं तेच माहीत नाही, चार हजार काय आणि चारशे काय.

तुमचं पत्र परवा आलं. त्यांच्या नावानं. माझ्या नावानं लिहायची शपथ घेतली आहे का? त्यांना वाचता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे, मग वाचणार कोण हेही माहीत होतं. ‘तिला तोंड दाखवायला मला लाज वाटते. तिची तीन पत्रं मिळाली. तिच्याएवढं धैर्य माझ्यात नाही. तिला सांग, तिनं माझ्यामागं आयुष्य वाया घालवू नये. जहाज बारा तारखेपर्यंत विशाखापट्टणच्या गोदीत आहे, नंतर कुठं जाईल सांगता येत नाही.’

मी पत्र दोनदा वाचून दाखवलं. आई ऐकत होत्या. मग मी विचारलं, ज्याला बायको यायला नको तो तारीख कशाला लिहितो? त्या हसल्या. दीड वर्षात त्यांना एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, “मन्हा आंडोर खोटं बोलना, तेनी माले लाज शे. पन तो वाईट नई शे. तू जाय. घर मी दखी लिसू.” मुलाचं खोटंही त्यांनी कबूल केलं आणि घर सांभाळायचंही.

मला तुमचा राग आहे. पत्रं पोचली, तुम्ही वाचली, आणि तरी गप्प बसलात, याचा राग जहाजाच्या खोट्यापेक्षा जास्त आहे. लाज वाटते म्हणे. मला नाही वाटली, सात माणसांसमोर मळ्यात उभं राहून? वाटली. पण मी तुम्हाला सोडायला तयार नाही, म्हणून बोलले. मला तुम्ही आवडता. हे लिहायला दोन वर्षं लागली, आता लिहिलं. समोर येऊन नाही म्हणा, मग बघू. सासऱ्याच्या नावानं, आईच्या नावानं, टपालानं मला कुणी सोडू शकत नाही.

हे पत्र पोचेल की मी आधी पोचेन, सांगता येत नाही. तिकडची भाषा मला येत नाही. तीन गाड्या बदलायच्या आहेत. शेजारचे अभिमनभाऊ म्हणत होते, बाईमाणूस एकटं एवढ्या लांब? मी विचारलं, तुम्ही येता का सोबत? ते कपाशीला खत द्यायचं आहे म्हणाले. एप्रिलात कपाशी कुठली असते ते त्यांनाच ठाऊक.

तुमची कुंदा

विशाखापट्टण, गोदीचं फाटक,
८ एप्रिल १९९१, सकाळचे साडेदहा

अहो,

ही चिठ्ठी फाटकावरच्या शिपायाबरोबर पाठवते आहे. मी बाहेर बसले आहे. कालपासून अंघोळ नाही, साडी चुरगळली आहे, पिशवीचा बंद तुटला आहे. आत सोडत नाहीत. शिपाई कोण लागता विचारत होता. बायको म्हटलं. त्यानं लग्नाचा पुरावा मागितला, तर मी इतका वेळ भांडले की तो दुसऱ्या शिपायाला घेऊन आला. दुसरा मिरजेचा निघाला. त्यानं हा कागद दिला.

माझ्याकडं परतीचं तिकीट नाही. ते मुद्दामच काढलं नाही. तुम्ही बाहेर येऊन मला तोंडानं सांगितलंत, कुंदा, जा, तर मी जाईन. तसं कुणाच्या हातून कळवलंत तर मी उठणार नाही. आज नाही, उद्या नाही. बारा तारखेला तुमचं जहाज निघालं तरी मी इथंच बसलेली असेन आणि तुम्हाला ते समुद्रावर आठवत राहील.

कुंदा

(त्याच चिठ्ठीच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीनं, दुसऱ्या अक्षरात)

कुंदा, उठू नकोस. आलोच.